निवांत गाण्यांमागचा घाम

आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला एकदाही गेलेलं नाही, असं कुणी रत्नागिरीच्या कॉलेजात शोधून सापडायचं नाही. सुरूचं बन मागे पडतं, चढाचं वळण संपतं आणि डाव्या हाताला अख्खा समुद्र उघडतो. त्या क्षणी गाडीत कुठलं गाणं लागतं, आठवून बघा. धांगडधिंगा नसतो. रडकं ब्रेकअप साँगही नसतं. लागतं ते एखादं मऊ, डुलणारं गाणं. ठेका चालू असतो पण अंगावर येत नाही, गिटार मधूनच चमकून जाते, आणि गाणारा अजिबात घाईत नसतो. तुम्ही त्याला ‘चिल व्हाइब’ म्हणता. (टू-व्हीलरवर असाल तर हेडफोन खिशातच ठेवा. वळणं ओळखीची असली तरी समोरून येणारा डंपर ओळखीचा नसतो.)

अमेरिकेत अशा गाण्यांच्या एका पिढीला चक्क नाव आहे, ‘यॉट रॉक’. यॉट म्हणजे श्रीमंतांची हौसेची शिडाची बोट. साधारण १९७५ ते १९८५ या काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये रेकॉर्ड झालेलं हे गुळगुळीत, चकचकीत संगीत. त्यात रॉक थोडं, जॅझ थोडं आणि कृष्णवर्णीयांचं सोल आणि आर अँड बी भरपूर. स्टीली डॅन, डूबी ब्रदर्स, मायकल मॅकडोनाल्ड, केनी लॉगिन्स, ख्रिस्तोफर क्रॉस, टोटो ही त्यातली मोठी नावं. ‘टोटो’चं ‘आफ्रिका’ तर तुम्ही ऐकलेलं असणारच, निदान मीममध्ये तरी.

गंमत म्हणजे ही गाणी निघाली तेव्हा त्यांना ‘यॉट रॉक’ कुणीच म्हणत नव्हतं. हे नाव आलं २००५ साली, काही मित्रांनी इंटरनेटसाठी केलेल्या एका विनोदी मालिकेतून. नकली मिश्या लावून त्यांनी या सगळ्या गायक-वादकांची मस्त टर उडवली. म्हणजे नाव मुळात चेष्टेचं. ते कलाकारांना आवडलं नाही, हे ओघानंच आलं. २०२४ मध्ये या संगीतावर मोठी डॉक्युमेंटरी निघाली, तेव्हा दिग्दर्शकाने स्टीली डॅनच्या डोनाल्ड फेगनला फोन लावला. त्याने सणसणीत शिवी हासडून फोन ठेवून दिला आणि ती शिवी फिल्ममध्ये जशीच्या तशी आली!

पण चेष्टा करता करता लोक गाणी ऐकायला लागले आणि ऐकता ऐकता प्रेमात पडले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीने ट्विटरवर मोहीम चालवून ‘वीझर’ या बँडला ‘आफ्रिका’ पुन्हा गायला लावलं. मूळ गाणं १९८२ चं, म्हणजे तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. तिकडे जपानमध्ये मारिया ताकेउचीचं १९८४ चं ‘प्लास्टिक लव्ह’ यूट्यूबच्या कृपेने जगभरच्या पोरांच्या प्लेलिस्टमध्ये जाऊन बसलं. आईबाबांच्या काळातलं ‘सॉफ्ट’ संगीत आज तुमच्या वयाचे लोक उकरून काढतायत. असं का होत असेल?

त्याचं उत्तर शोधायला लॉस एंजेलिसपर्यंत जायला नको. आधी आपल्या घरात डोकावू.

आपला यॉट रॉक कुठला?

समुद्राचं मराठी गाणं म्हटलं की पहिलं डोक्यात येतं ते ‘मी डोलकर’. शाळेच्या गॅदरिंगमध्ये टोपी आणि रुमाल बांधून यावर नाचला नाहीत, असे तुमच्यात किती निघतील? आता हे गाणं ज्यांनी केलं ती माणसं बघा. शब्द शांता शेळके यांचे. त्या मूळच्या इंदापूरच्या, म्हणजे पक्क्या देशावरच्या. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. आवाज लता मंगेशकर आणि हेमंत कुमार यांचे. हेमंतदा तर बंगाली. थोडक्यात, महाराष्ट्राचं सगळ्यात लाडकं कोळीगीत ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्यात मासे मारायला समुद्रात जाणारं कुणीच नव्हतं.

तरी ते गाणं खोटं वाटत नाही. ‘डोलकर’ हा शब्दच बघा. ‘डोल’ म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवतात ते पिशवीसारखं जाळं आणि ते लावणारा तो डोलकर. ही मासेमारी जास्त करून मुंबई, पालघर, रायगडच्या पट्ट्यातली. याच मंडळींचं दुसरं गाणं ‘राजा सारंगा’. त्यातला सारंग म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. शांताबाईंनी शब्द नीट ऐकले, पारखले आणि जागच्या जागी बसवले. हृदयनाथांनी कोळ्यांच्या नाचातला तो सहा मात्रांचा डुलता ठेका घेतला. होडी लाटेवर चढते, क्षणभर थांबते आणि उतरते, तशी त्याची चाल. आणि हेमंतदा ज्या बंगालचे, तिथे नावाड्यांच्या भटियाली गाण्यांची जुनी परंपरा आहे. गाणारा पाण्यापासून अगदीच लांबचा नव्हता म्हणायचा.

आता दुसरं उदाहरण, याहून मजेशीर. ‘अश्विनी ये ना’. १९८७ चा ‘गंमत जंमत’, पडद्यावर अशोक सराफ, आवाज किशोर कुमार आणि अनुराधा पौडवाल यांचे, संगीत अरुण पौडवाल यांचं. आज हे गाणं रीलवर आहे, लग्नाच्या संगीतात आहे, कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला आहे. आधी सगळे हसत हसत लावतात आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मनापासून गायला लागतात. यॉट रॉकचं अमेरिकेत झालं ते अगदी हेच.

अरुण पौडवाल काही अचानक उगवले नव्हते. ते ॲकॉर्डियन वाजवायचे. अनिल मोहिले आणि ते असे दोघे एस. डी. बर्मन यांच्याकडे सहायक होते आणि पुढे ‘अनिल-अरुण’ या जोडनावाने त्यांनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं. गाण्यात कुठलं वाद्य कधी येणार, कधी गप्प बसणार, व्हायोलिन्सनी कुठे उचल घ्यायची, हे कागदावर लिहून काढणं म्हणजे अरेंजरचं काम. या जोडीने ते वर्षानुवर्षं केलं होतं. तेव्हा ‘अश्विनी’ हलकंफुलकं वाटत असलं तरी ते हलक्या हातांनी बनवलेलं नाही. त्या हातांमागे कितीतरी वर्षांची हमाली आहे.

सात जण आले, एक सोलो राहिला

यॉट रॉकचीही खरी गोष्ट इथेच आहे. बोटी, पांढरे शूज, सूर्यास्त हे सगळं वरवरचं. आतली गोष्ट आहे सेशन म्युझिशियनची, म्हणजे दिवसाच्या बोलीवर स्टुडिओत येऊन, समोरची नोटेशन वाचून दुसऱ्याच्या गाण्यात वाजवून जाणाऱ्या वादकांची.

स्टीली डॅनच्या १९७७ च्या ‘एजा’ या अल्बममधलं ‘पेग’ हे गाणं घ्या. मधला गिटारचा तुकडा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. त्यासाठी त्यांनी एकामागून एक सहा-सात नावाजलेले गिटारिस्ट बोलावले आणि नाकारले. शेवटी जे ग्रेडन आला, तासन्तास वाजवत बसला आणि त्याचा तुकडा राहिला. ऐकताना वाटतं, कुणीतरी सहज जाता जाता वाजवून गेलंय! त्याच गाण्यात मागे जे थरावर थर चढवलेले आवाज आहेत ते मायकल मॅकडोनाल्डचे. नीट कान दिलात तर ख्रिस्तोफर क्रॉसच्या ‘राइड लाइक द विंड’ मध्येही मागे तोच सापडेल.

‘टोटो’ तर सगळा बँडच अशा वादकांचा. डेव्हिड पेच आणि जेफ पोर्कारो हे शाळेपासूनचे दोस्त. बँड काढण्याआधीच ते दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्सवर वाजवत होते. १९८२ मध्ये मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ आला. त्यातल्या ‘बीट इट’ वर ड्रम जेफ पोर्कारोचे आणि ‘ह्युमन नेचर’ ची चाल त्याचा भाऊ स्टीव्ह याची. म्हणजे जगातला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ऐकताना तुम्ही नकळत टोटोही ऐकत असता.

‘रोझॅना’ हे त्यांचं गाणं ड्रम वाजवणाऱ्या मित्राला ऐकवा आणि त्याचा चेहरा बघा. त्यातला पोर्कारोचा ठेका जगभरचे ड्रमर आजही घासून घासून शिकतात. तो आला कुठून, हे पोर्कारो स्वतःच मोकळेपणाने सांगायचा: बर्नार्ड पर्डी या कृष्णवर्णीय ड्रमरचा शफल, लेड झेपलिनच्या जॉन बॉनमने त्याचा केलेला वापर आणि बो डिडलीचा ताल. तीन ठिकाणांहून उचललं, पण कुणाकडून काय घेतलं ते नाव घेऊन सांगितलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पोर्कारो १९९२ मध्ये गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी.

बोटीने गेलेली व्हायोलिन्स

आता मुंबईत या. हिंदी-मराठी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळाबद्दल आपण बोलतो तेव्हा गायक, संगीतकार, गीतकार अशी तीन नावं घेऊन थांबतो. पण स्टुडिओत समोर साठ-सत्तर वादक बसलेले असायचे आणि त्यांच्यात गोवेकरांचा भरणा मोठा. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकलेली ही पोरं व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन मुंबईला पोट भरायला गेली. कोकण रेल्वे तर १९९८ मध्ये पूर्ण झाली. त्याआधीच्या जमान्यात पणजी-मुंबई आगबोट कोकणातली बंदरं घेत जायची आणि त्यात आपलं रत्नागिरीही होतं. तुमच्या आजोबांनी त्या बोटीतून प्रवास केला असेल, तर शेजारी ट्रम्पेटची पेटी मांडीवर घेऊन बसलेला एखादा गोवेकर त्यांनी पाहिलाही असेल.

त्यांच्यातला एक म्हणजे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा ऑर्केस्ट्रा उभा केला. पण देशाला ते नाव माहीत झालं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधून, अंड्यातून बाहेर पडून नाचणाऱ्या अमिताभमुळे. ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला दिलेली दक्षिणा होती, हे किती जणांना माहीत आहे?

अजून एक. १९५४ च्या ‘नागिन’ मधली पुंगी आठवा. संगीतकार हेच आपले हेमंत कुमार. ती पुंगी नव्हतीच! कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइन नावाच्या इलेक्ट्रिक वाद्यावर ती वाजवली होती. पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले तेच हे कल्याणजी. त्या सुरांवर अख्खा देश डुलला, पण वाजवतंय कोण हे विचारायचं फार थोड्यांना सुचलं.

मग टिकतं ते का?

एक कारण तर सरळ आहे. चांगलं केलेलं काम लवकर जुनं होत नाही. फॅशन जाते. मिश्या जातात, बेलबॉटम जातात. ख्रिस्तोफर क्रॉसने १९८१ मध्ये एकाच रात्री ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार नेले. असं पुन्हा घडायला २०२० आणि बिली आयलिश यावी लागली. पण त्याच १९८१ च्या ऑगस्टमध्ये एमटीव्ही सुरू झाला, गाणं ‘दिसायला’ लागलं आणि साध्या चेहऱ्याचा, गुबगुबीत क्रॉस बघता बघता मागे पडला. तरी त्याचं ‘सेलिंग’ आज वाजतंच आहे. कारण त्यात वाजवणाऱ्यांनी कुठेही हात राखलेला नाही.

दुसरं कारण जरा आतलं आहे. ‘सेलिंग’ श्रीमंतांच्या बोटीचं गाणं नाहीच. टेक्सासमध्ये वाढलेल्या क्रॉसला घरच्या कटकटींपासून लांब नेण्यासाठी एक वयाने मोठा मित्र शिडाच्या होडीत बसवून फिरवायचा. ते गाणं त्या सुटकेचं आहे. ‘आफ्रिका’ लिहिणाऱ्या डेव्हिड पेचने तेव्हा आफ्रिका पाहिलेलीच नव्हती. यॉट रॉक ऐकणाऱ्या बहुतेकांकडेही यॉट नसते. त्या गाण्यातला समुद्र म्हणजे मालमत्ता नाही, श्वास घ्यायची जागा आहे. परीक्षा, एमपीएससीचा रिझल्ट, ‘पुढे काय’ हा दर रविवारी घरी होणारा प्रश्न, या सगळ्यांतून तीन-चार मिनिटं बाहेर काढणारी जागा. एकविसाव्या वर्षी माणसाला हेच लागतं, मग ते १९८० मध्ये असो नाहीतर आज.

पण रत्नागिरीकर म्हणून आपल्याला यातली दुसरी बाजूही दिसायला हवी. मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन कुणाला विचारा, समुद्र ‘चिल’ आहे का? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हातात कमाई नाही. बाकीचे महिने डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी आणि वादळाचा इशारा आला की अर्ध्यावरून परत. इथला दर्या खारवी, गाबीत, दालदी, भंडारी, कोळी अशा अनेकांच्या घामावर चालतो आणि यातल्या प्रत्येकाचं स्वतःचं गाणंबजावणं आहे. कोळीगीत म्हणून आपण जे ऐकतो त्यात यातलं फार थोडं आलंय.

यॉट रॉकबद्दलही हीच तक्रार आहे आणि ती खरी आहे. सूर, ताल, गाण्याची पद्धत कृष्णवर्णीय संगीतातून आली, पण पोस्टरवरचे चेहरे बहुतेक गोरे. म्हणून ती गाणी ऐकू नयेत का? असं मुळीच नाही. उसनवारी हा संगीताचा धर्मच आहे. प्रश्न एवढाच, की घेतलेल्याचं नाव घेता की नाही. गंमत म्हणजे ते ऋण पुढे फिरून परतही आलं. १९९४ मध्ये वॉरन जी या रॅपरने ‘रेग्युलेट’ केलं ते मायकल मॅकडोनाल्डच्या गाण्याचा तुकडा उचलून. २०१७ मध्ये थंडरकॅटने मॅकडोनाल्ड आणि लॉगिन्स या दोघांनाच आपल्या गाण्यात गायला बोलावलं. असं देणंघेणं चालू राहिलं की संगीत जिवंत राहतं.

आता तुमची पाळी

हे सगळं तुम्हाला कशाला सांगायचं? कारण पुढचे वादक तुमच्यातच बसलेत. गावच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवणारा, जाखडीत ढोलकी धरणारा, नमनात मृदंगावर बसणारा, भजनात हार्मोनियमवर बोटं फिरवणारी असं कुणीतरी तुमच्या वर्गात नक्की आहे. गणपतीत आणि शिमग्यात रात्ररात्र वाजवून सकाळच्या लेक्चरला पेंगणारा तो मित्र म्हणजे तुमच्या गावचा सेशन म्युझिशियनच आहे. युवा महोत्सवात गायकाचा फोटो छापून येतो. त्याचा सूर घसरला तेव्हा हळूच पट्टी सांभाळून घेणाऱ्याचं नाव सर्टिफिकेटवर तरी असतं का?

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का झाला. वाजवणाऱ्याला मात्र अजूनही बहुतेक वेळा एकदाच हातावर पैसे टेकवले जातात. स्थानिक कार्यक्रमात तर ‘एक्सपोजर मिळेल ना!’ म्हणून तेही नाहीत. जुन्या रेकॉर्डच्या पाठीवर निदान काही नावं छापायला जागा होती. आज ॲपवर गायकाचा फोटो दिसतो आणि बाकीचे शोधावे लागतात. त्यात आता मोबाइलमध्ये चार शब्द टाकले की दोन मिनिटांत ‘बीच व्हाइब’ वालं गाणं तयार होऊन येतं. ते गुळगुळीत असेल, सुरातही असेल. पण ‘पेग’ मधल्या त्या अर्ध्या मिनिटापायी माणसं परत परत स्टुडिओत आली होती, आणि चाळीस-पन्नास वर्षांनंतर आपण ऐकतो ते त्यांचं ते अडून बसणं. निवांतपणा असा कुणीतरी कमावून ठेवलेला असतो, तेव्हाच तो आपल्यापर्यंत पोचतो.

तेव्हा या वीकेंडला एवढंच करा. ‘मी डोलकर’, ‘अश्विनी ये ना’ किंवा ‘रोझॅना’, जे आवडतं ते एक गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा गायकाकडे साफ दुर्लक्ष करून फक्त ठेका ऐका. तिसऱ्यांदा मधल्या जागा ऐका, म्हणजे शब्द थांबल्यावर कोण बोलतं ते. मग त्या वाजवणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव शोधून काढा आणि गाणं शेअर करताना गायकाच्या नावासोबत तेही टाका.

आणि पुढच्या गॅदरिंगला तुमच्या हातात माइक आला, तर गाणं संपल्यावर टाळ्या घ्यायच्या आधी मागे वळून ढोलकीवाल्याचं पूर्ण नाव सांगा, आडनावासकट.